आधी परतीची वाट बघा: सुट्टीत विंडसर्फिंगसाठी किनारा निवडताना

मी ऐरोलीला राहते. तीन वर्षांपूर्वी गोव्यात दोना पावलाच्या बाजूला तीन दिवस विंडसर्फिंग शिकले. तीन दिवसांत जेवढं येतं तेवढं आलं. पाण्यात पडलेलं शीड दोरीने ओढून उभं करायचं, बूम, म्हणजे शीड धरायची आडवी दांडी, पकडून एका दिशेने जायचं, कसंबसं वळायचं आणि निघालो तिथून जरा खाली, वारा नेईल त्या बाजूला, किनाऱ्याला लागायचं. घरी आल्यावर मात्र अडले. शिकवणारे गोव्यात, आणि आमच्या सुट्ट्या अलिबाग, मुरुड, मालवणकडे. कुठला किनारा आपल्याला झेपेल हे सांगणारं कुणी नव्हतं.

मग त्याच हिवाळ्यात रायगडातल्या एका किनाऱ्यावर बोर्ड भाड्याने मिळाला. देणारा म्हणाला, सकाळी या, पाणी एकदम शांत असतं. साडेआठला उतरले. पाणी खरोखर आरशासारखं होतं. मागे सुरूचं बन, पाठीवर हलकं ऊन. दहा मिनिटांत मी सहज आत गेले आणि परत वळायला लागले तेव्हा कळलं की वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय. किनाऱ्याजवळ सुरूंच्या आडोशाने तो जाणवला नव्हता, आत मात्र चांगलाच होता. त्यात ओहोटी. शेजारी खाडीचं तोंड. मी शीड उचलायची, पडायची, आणि दर वेळी किनारा आणखी लांब गेलेला असायचा. शेवटी जाळी काढून परतणाऱ्या एका होडीने मला बोर्डासकट ओढून आणलं. होडीवरच्या काकांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, आज तिथी कोणती ते बघून आलात का?"

मी बघितली नव्हती. पौष वद्य पंचमी होती. त्या प्रश्नाचा अर्थ पुढे सांगते. त्या दिवसापासून मी किनारा एकाच गोष्टीवर निवडते: मला काहीच जमलं नाही, शीड उचलता आलं नाही, हात गळून गेले, तर वारा आणि पाणी मला कुठे नेऊन सोडतील? उत्तर 'वाळूवर' असेल तर ती जागा माझी.

१. आपण नेमके कुठे आहोत ते आधी ठरवा

या लेखात 'नवखे' म्हणजे पाच ते दहा वेळा बोर्डावर उभे राहिलेले, सरळ जाणारे, वळता येणारे, पण वाऱ्याच्या दिशेने वर चढता न येणारे लोक. वर चढणं म्हणजे वारा जिकडून येतोय त्या बाजूला तिरकं तिरकं सरकत जाणं. हे येत नसेल तर प्रत्येक फेरीत तुम्ही थोडे खाली घसरता. त्यात लाज नाही, सगळे तिथूनच जातात. पण मग किनारा असा हवा की घसरलात तरी वाळूवर उतरून, बोर्ड ओढत, गुडघाभर पाण्यातून चालत परत येता यावं.

एकदाही शिकला नसाल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी प्रशिक्षकाकडे जा. पोहता येत नसेल तर त्याच्याही आधी तरणतलाव.

वाऱ्याचा आकडा लक्षात ठेवा: ६ ते १२ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे साधारण ताशी ११ ते २२ किलोमीटर. सहाच्या खाली शीड नुसतं जड लागतं. बाराच्या वर शीड तुम्हाला ओढायला लागतं. आकडा हाताशी नसेल तर पाण्याकडे बघा. लाटांच्या डोक्यावर पांढरे तुरे तुरळक दिसू लागले की दहाच्या आसपास आहात. जिकडेतिकडे पांढरं दिसत असेल तर त्या दिवशी नुसतं बघा.

२. ऋतू निवडा, मग तिथी निवडा

पावसाळ्याचा प्रश्नच नाही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर आदळतो, समुद्र खवळलेला असतो. मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय बंदच असतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळीबांधव होड्या समुद्रात घालतात, तरी आपल्याला अजून घाई नको. ऑक्टोबरमध्ये पाणी निवळायला लागतं. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांचा काळ. मार्चपासून दुपारचा वारा जोर धरतो. एप्रिल-मेमध्ये तो बऱ्याचदा आपल्या आवाक्याबाहेर जातो, तेव्हा जायचंच असेल तर वारा नुकता सुरू होतो तो पहिला तासच घ्या.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते आता कामाला येतं. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो. तो खारा. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा साधारण अकरा ते एकच्या दरम्यान सुरू होतो, दोन ते चारच्या सुमारास भरात असतो आणि बहुधा वायव्येकडून येतो. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे वायव्येचा वारा तिरका आत येतो. नवख्यासाठी याहून चांगला वारा नाही, कारण तो तुम्हाला बाजूने चालवतो आणि चुकलात तर हळूहळू वाळूकडे ढकलतो. सकाळचा मतलई वारा नेमका उलटा. दिसायला शांत, पण तुम्हाला बाहेर नेणारा. 'सकाळी पाणी शांत असतं' हा सल्ला पोहणाऱ्यासाठी बरोबर असेल. शीड हातात असलेल्या नवख्यासाठी तो धोक्याचा आहे. सकाळी उशिरा उठा, पोहे खा, साडेअकरानंतर किनाऱ्यावर जा.

आता तिथी. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. माझ्या त्या पंचमीला भरती पावणेचारला होऊन गेली होती आणि दहापर्यंत पाणी बाहेर जात होतं. मी बरोबर त्या ओढीत, वर मतलई वाऱ्यात उतरले होते. काकांना हे होडीवर उभ्या उभ्या ठाऊक होतं.

हा हिशेब सुट्टी ठरवायला फार उपयोगी आहे, आणि मला तो कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि उतरतं. तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमारास होते, म्हणजे दुपारी वारा सुटतो त्याच वेळी पाणी जोरात बाहेर निघालेलं असतं. अष्टमीला उलट. तेव्हा भांग असतो, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराच्या सुमारास. म्हणजे दुपारभर पाणी सावकाश आत येत असतं आणि वाराही आत येत असतो. दोन्ही तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. म्हणून कॅलेंडर उघडून अष्टमीच्या मागेपुढे एक-दोन दिवसांत येणारा शनिवार-रविवार शोधा. शुक्ल की कृष्ण, फरक पडत नाही.

हा ठोकताळा आहे. नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. शिवाय मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, तर मालवण-गोव्याकडे हा फरक दोनेक मीटरवर येतो. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, आठवा. जिथे सकाळी लोक चालत होते तिथे दुपारी तुम्ही बोर्ड चालवणार आहात, खाली तोच कातळ आहे.

३. निघायच्या आधी इथेच वारा वाचायला शिका

ठाणे खाडीत बोर्ड घालायचा विचारही करू नका. चिखलात पाय मांडीपर्यंत रुततो, कांदळवनात शीड अडकतं, पाणी स्वच्छ नाही, आणि खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही. ती जागा पक्ष्यांची आहे. उपवन, मासुंदा हे आपल्या ठाण्याचे सुंदर तलाव, पण चारी बाजूंनी इमारती असल्याने तिथे वारा धड एका दिशेने येतच नाही.

पण बघून शिकायला खाडीसारखी शाळा नाही. वाशीच्या मिनी सी-शोअरला एका रविवारी सकाळी दहाला जा आणि त्याच दिवशी तीनला पुन्हा जा. गालावर वारा कुठून लागतो ते बघा, पाण्यावरच्या बारीक सुरकुत्या कुठे सरकतात ते बघा, तरंगणारा कचरा कुठल्या बाजूला चाललाय ते बघा. वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे जाताना दिसेल. मग मोबाइलवर विंडी किंवा विंडगुरू उघडून ते काय म्हणतात ते ताडून पाहा. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो दाखवायला बोट सुटते, तिच्या वेळा भरतीवर ठरतात. एकदा ती फेरी करा. एकच खाडी भरतीला आणि ओहोटीला किती वेगळी असते हे डोळ्यांनी दिसतं.

ॲप वाचताना होणाऱ्या तीन चुका:

पहिली, एकक. काही ॲप मीटर प्रतिसेकंद दाखवतात. तिथला १० म्हणजे जवळजवळ २० नॉट. सेटिंगमध्ये जाऊन नॉट करून घ्या.

दुसरी, बाण. 'वायव्य वारा' म्हणजे वायव्येकडून येणारा. पण नकाशावरचा बाण बहुधा वारा जिकडे चाललाय तिकडे रोखलेला असतो. घाईत उलटं वाचलं जातं.

तिसरी, झोत, म्हणजे मधेच येणारा जोराचा वारा. सरासरी ९ आणि झोत १७ असेल तर तो ९चा दिवस नाही. दोन आकड्यांत चार-पाचपेक्षा जास्त अंतर असेल तर मी जात नाही.

दुपारचा खारा वारा स्थानिक तापमानातून तयार होतो, त्यामुळे ॲप तो बऱ्याचदा कमी दाखवतं. तीन दिवस आधीपासून रोज बघत राहा. आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्राच्या स्थितीचा इशारा जरूर बघा. कधीकधी वारा नसतानाही हिंदी महासागरातून लांबच्या वादळाच्या मोठ्या लाटा किनाऱ्यावर येतात. ॲपवर वारा छान दिसतो आणि किनाऱ्यावर उतरणं अशक्य असतं.

४. नकाशावर किनारा चाळून घ्या

उपग्रह नकाशा उघडा आणि पुढच्या गोष्टी या क्रमाने बघा.

किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे का? असेल तर दुपारचा वारा उजव्या हाताकडून तिरका आत येईल आणि तुम्ही दक्षिणेकडे घसराल. म्हणून दक्षिणेला किमान एक-दीड किलोमीटर मोकळी वाळू हवी. उतरायचं किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडून, म्हणजे सगळी पुळण तुम्हाला झेलायला खाली उभी राहते. फक्त उत्तरेच्या डोंगराला अगदी चिकटू नका, त्याच्या आडोशाला वारा भोवरे खातो.

दक्षिणेला खाडीचं तोंड आहे का? असेल तर तो किनारा रद्द, किंवा तोंडापासून खूप वर उतरा. तिथे ओहोटीचं पाणी नदीसारखं बाहेर पळतं.

खडप कुठे आहेत? नकाशावर पाण्यातले काळे डाग म्हणजे कातळ. बोर्डाखालची फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पट्टी, गुडघाभर पाण्यात आपटली की बोर्ड थांबतो आणि तुम्ही पुढे उडता. डोक्यावर शिडाची काठी येते.

जेट्टी, होड्या नांगरायची जागा, डोलजाळ्यांचे खुंट यांपासून लांब राहा. मांडव्याला भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, येते, गेटवेहून लाँचेस येतात. अशा पाण्यात नवख्याचं काम नाही, जायला कितीही सोपं असलं तरी.

आणि लाट. पुळण उतरती आणि अरुंद असेल तर लाट अगदी काठावर फुटते. उथळ, रुंद वाळू असेल तर ती आधीच विरते. छायाचित्रात पांढऱ्या फेसाच्या तीन-चार रांगा दिसल्या तर दुसरीकडे बघा.

५. काही किनारे, माझ्या नजरेतून

काशीद देखणा आहे, पण लाटा काठावर फुटतात आणि पाण्याला ओढ आहे. हरिहरेश्वर आणि गणपतीपुळे इथेही पर्यटक बुडाल्याच्या घटना झाल्या आहेत, तिथली सूचनाफलकं उगीच लावलेली नाहीत. या तिन्ही ठिकाणी दर्शन घ्या, फिरा, शीड नको.

मुरुडची पुळण रुंद आणि उथळ आहे, समोर पद्मदुर्ग दिसतो. भांगाच्या दिवसांत, दुपारी, होड्यांच्या जागेपासून लांब, मला ती बरी वाटते. उधाणाच्या ओहोटीला मात्र पाणी इतकं मागे जातं की बोर्ड उचलून नेण्यातच दम जातो. दिवेआगर आणि गुहागर लांब, सरळ पुळणी आहेत. गुहागरची तर सहाएक किलोमीटर. परत चालत यायला उत्तम, पण समोर उघडा समुद्र, म्हणून लाट लहान असलेला दिवसच निवडायचा.

मालवणकडे माझा जीव रमतो. ठाण्याहून किंवा पनवेलहून रात्रीची कोकणकन्या पकडली की सकाळी कुडाळ. पाणी स्वच्छ, भरती-ओहोटीचा फरक कमी. चिवला बीचचा अर्धचंद्र बराच निवांत असतो, तिथे डिसेंबरात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यावरून कल्पना येईल. कडेला खडक आहेत, मधोमध राहा. तारकर्लीची पुळण दक्षिणेकडे देवबागपर्यंत सलग जाते, म्हणून तारकर्लीला उतरलात तर खाली मैलभर वाळू मिळते. देवबागच्या टोकाला उतरलात तर खाली कर्ली नदीचं मुख मिळतं. गाव शेजारचंच, वाळू तीच, आणि धोका अगदी वेगळा. संगमावरचं निळंशार पाणी बघून तिथे बोर्ड घालू नका. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा आणि जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे, सध्या कोणते वर्ग चालू आहेत हे तिथे फोन करून विचारता येतं.

मात्र एक स्पष्ट सांगते. कोकणातल्या बहुतेक किनाऱ्यांवर 'वॉटर स्पोर्ट्स' म्हणजे जेट-स्की, बनाना, बंपर आणि पॅरासेलिंग. विंडसर्फिंगचं सामान क्वचित मिळतं. म्हणून शिकल्यानंतरची पहिली, आणि जमल्यास दुसरीही सुट्टी गोव्यातच काढा. दोना पावला, करंझाळेकडचं पाणी उघड्या समुद्राच्या मोठ्या लाटांपासून बरंचसं आडोशाला आहे, तिथे शिडाच्या होड्या आणि विंडसर्फर वर्षानुवर्षं सराव करतात. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. तिथे वर चढायला शिका आणि मग कोकणात या.

पावसाळ्यात फारच ओढ लागली तर रामेश्वरमचं नाव ऐकाल. तिथे उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचं आखात, त्यामुळे कुठल्याही ऋतूत एका बाजूला सपाट पाणी मिळतं. पण वारा आपल्यासाठी बऱ्याचदा जास्त, आणि सपाट बाजूला तो जमिनीकडून येतो. प्रशिक्षक आणि बचावाची बोट असेल तरच.

६. फोनवर काय विचारायचं

खोलीचं आगाऊ भाडं भरण्याआधी हा फोन करा. नुसतं "विंडसर्फिंग आहे का?" विचारलं तर उत्तर "आहे ना" असंच येतं.

बोर्ड किती लिटरचा आहे? तुमच्या वजनाच्या किलोत किमान १०० मिळवा. ६० किलो असाल तर १६० लिटर, त्याहून मोठा असेल तर आणखी छान. मधे खाली सोडायची पात असलेला बोर्ड मागा, तो घसरणं कमी करतो.

शीड किती चौरस मीटरचं? नवख्याला साडेतीन ते पाच पुरे. "सातचंच आहे" म्हणाले तर आभार मानून फोन ठेवा. फॉइलचा बोर्डही नको. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाण्यावरून उडणारे बोर्ड बघून माझ्या लेकीने तोच हट्ट धरला होता, पण ती फार पुढची पायरी आहे.

इंजिनाची बोट किनाऱ्यावर तयार असते का, आणि ती चालवणारा तिथेच असतो का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. "बोलावली की येते" हे उत्तर पुरेसं नाही. चालकाकडे आणि जीवरक्षकाकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था अशी प्रशिक्षणं देते.

कितीचा वारा झाला की तुम्ही बोर्ड देणं बंद करता? ज्याच्याकडे याला आकडा आहे, तो माणूस समुद्राला ओळखतो. मी याच उत्तरावर सर्वाधिक भरवसा ठेवते.

भाडं तासाचं की दिवसाचं, अनामत किती, शीड फाटलं किंवा फिन तुटली तर कोण भरणार, हे लेखी मेसेजवर मागून घ्या. आणि सामान हातात घेताना आधीच्या भेगांचे फोटो काढा.

७. सोबत काय घ्यायचं

कागद: आधार किंवा दुसरं ओळखपत्र आणि त्याची प्रत, शिकलेल्या वर्गाचं प्रमाणपत्र असल्यास ते, दमा-फिट-हृदयविकार असेल तर डॉक्टरांचा सल्ला आणि औषधं, घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद. काही ठिकाणी जबाबदारीच्या अर्जावर सही मागतात, ती वाचून करा. प्रवास विमा काढत असाल तर त्यात साहसी खेळ धरले आहेत का ते बघा.

वस्तू: स्वतःच्या मापाचं लाइफ जॅकेट (भाड्याचं बहुधा सैल असतं आणि पाण्यात कानापर्यंत वर येतं), जॅकेटला बांधलेली शिट्टी, जाड तळाचे पाण्यातले बूट, लांब बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, भरपूर पिण्याचं पाणी. बूट विसरू नका. खडपांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे तळाशी पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असेल तर ती आधीच सरकते.

नंबर: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि नेहमीचा ११२. तिन्ही फोनमध्ये आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्याच्याही फोनमध्ये.

८. पोहोचल्यावर पहिला तास पाण्यात जायचं नाही

आधी होड्या लागतात तिथे जा. जाळी विणत बसलेल्या कुणालाही नमस्कार करून चार गोष्टी विचारा: काका, सुकतीला (ओहोटीला) पाणी कुठून बाहेर जातं? खडप कुठे आहेत? जाळी कुठे लावलीत? दुपारी वारा किती वाजता फिरतो? घाईत विचारू नका. बाजूला बसा, कामात असतील तर थांबा. मला आजवर कुणी वाईट उत्तर दिलेलं नाही, आणि जे कळलं ते कुठल्याच ॲपवर नव्हतं. त्यांनी "आज नको" म्हटलं तर विषय संपला.

मग नारळाचं एक सोडण (वरचं जाड साल) घ्या, कमरेइतक्या पाण्यात जाऊन सोडा आणि दहा मिनिटं वाळूवरून बघत राहा. ते बुडत-तरंगत जातं, त्यामुळे वाऱ्यापेक्षा पाण्याचा प्रवाह दाखवतं. किनाऱ्याला लागलं किंवा किनाऱ्याला समांतर सरकलं तर ठीक. बाहेर निघालं तर आजचा दिवस मासे खा, झोप काढा. वाऱ्यासाठी ओढणी किंवा पंचा हात वर करून धरा. टोक समुद्राकडे उडत असेल तर उतरायचं नाही, पाणी कितीही गोजिरं दिसू दे.

लाल झेंडा असेल तर बोर्ड गाडीतच राहू दे. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांसाठी असते, तिथेही शिरू नका. फिन आणि काठी लहान मुलांना लागेल. जेट-स्कीवाल्यांची धाव कुठपर्यंत आहे तेही बघा. शनिवारी दुपारी ते सगळा किनारा व्यापतात, शुक्रवारची किंवा सोमवारची रजा टाकता आली तर जरूर टाका.

पाण्यात उतरताना दोन खुणा ठरवा. एक उतरायच्या जागेसमोरची, घर किंवा उंच माड. दुसरी दक्षिणेची, तिथवर घसरलात की लगेच बाहेर यायचं आणि चालत परत जायचं. आत जाण्याची मर्यादा म्हणजे जिथून तुम्ही पोहत परत येऊ शकाल तेवढंच. पहिली फेरी पाच मिनिटांची, मग बाहेर येऊन पुन्हा वाऱ्याकडे बघायचं. आणि हात थरथरायच्या आधी थांबायचं. दुखापती बहुतेक 'अजून एक फेरी'त होतात.

९. अडकलात तर

बोर्ड सोडायचा नाही. किनारा जवळ वाटतो, पोहून जाऊ असं वाटतं, मलाही वाटलं होतं. बोर्ड तरंगतो आणि लांबून दिसतो, नुसतं डोकं दिसत नाही.

एक-दोनदा शीड उचलून बघा, जमलं नाही तर शक्ती घालवू नका. शीड मागच्या बाजूला बोर्डावर आडवं टाका, पोटावर झोपा आणि दोन्ही हातांनी वल्हवा, वाऱ्याला काटकोनात, किनाऱ्याच्या जवळच्या टोकाकडे. प्रवाह बाहेर ओढत असेल तर त्याच्याशी समोरासमोर भांडू नका, किनाऱ्याला समांतर जाऊन आधी त्यातून बाहेर पडा. अंतर कमी होत नाही असं दिसताच बोर्डावर बसा आणि दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करा, पुन्हा पुन्हा. शिट्टी वाजवा. ही खूण मदतीची आहे, होडीवाले ती ओळखतात. एक हात हलवलात तर लोक उलट हात हलवून टाटा करतात.

किनाऱ्यावर तुमचं कुणीतरी बसलेलं असलंच पाहिजे. आमच्याकडे हे काम माझ्या नवऱ्याचं. त्याला मी उतरायच्या आधी तीन गोष्टी सांगते: मी किती वाजता बाहेर येणार, दक्षिणेची खूण कोणती, आणि बचावाच्या बोटीवाल्याचं नाव काय. ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं झाली आणि मी त्या खुणेपलीकडे असले, तर मला हाका मारत बसायचं नाही, थेट बोटीवाल्याकडे जायचं.